बसचं घर आणि पातेल्यातलं प्लायवूड

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर गॅसवर मोठं पातेलं चढवलं आणि त्यात तळहाताएवढा प्लायवूडचा तुकडा टाकला. तरंगू नये म्हणून वर वरवंटा ठेवला. सासूबाई आल्या, झाकण उचलून बघितलं आणि काही न बोलता झोपायला गेल्या. हे प्लाय आमच्या बसच्या आतल्या कामासाठी 'मरीन', म्हणजे पाण्यात टिकणारं, म्हणून विकलं होतं. मरीन प्लायला आयएस 710 हे भारतीय मानक लागतं आणि त्यातली एक कसोटी अशी की तुकडा 72 तास उकळला तरी थर सुटता कामा नयेत. आमच्या तुकड्याचे थर चार तासांत भिजलेल्या वहीसारखे सुटले. गॅस बंद केला आणि ओट्याशीच बसून राहिले. तोवर मी नवऱ्याला आणि स्वतःला सांगत होते की गळती झाली म्हणून लाकूड फुगलं, त्यात बसचं काम करणाऱ्या माणसाचा काय दोष.

बस आम्ही 2023 मध्ये घेतली. शाळेची जुनी मिनीबस, 3 लाख 40 हजारांना. नवऱ्याने नोकरी सोडली होती, मुलगी शिकायला बाहेर गेली होती. वर्षातले चार महिने कोकण, गोवा, पुढे कर्नाटकची किनारपट्टी असं हळूहळू हिंडायचं आणि बसमध्येच राहायचं, असा बेत. आतलं सगळं काम एका बॉडीवाल्याला दिलं. पुण्याच्या बाहेर महामार्गालगत त्याची शेड. मला 'ताई', नवऱ्याला 'साहेब'. चहा सांगितल्याशिवाय बोलायला सुरुवात करायचा नाही. सामानासकट 6 लाख 80 हजार ठरले. पक्कं बिल हवं असेल तर वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. "कशाला सरकारला देता ताई, त्यात तुमचा फ्रिज येईल," तो म्हणाला. आम्ही हसलो आणि कच्च्या पावतीवर तयार झालो. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात आमचा हा वाटा आहे.

पहिला 2 लाखांचा हप्ता बँकेतून गेला, बाकीचे रोख.

काम चालू असताना आम्ही दर रविवारी जायचो. एकदा त्याने मुद्दाम प्लायची थप्पी दाखवली. वरच्या शीटवर आयएसआयचा शिक्का, वर 710, खाली परवाना क्रमांक. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का ते फुकटात बघता येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी वरची शीट खरीच निघाली असती. खालच्या नऊ शीट कोणत्या होत्या ते कळायला आम्हाला पुढचा जून लागला. एरवी तुकडे कापून, सनमायका चिकटवूनच दिसायचे. कापलेल्या तुकड्यावर शिक्का उरत नाही, आणि मलाही वाटायचं, काम किती झपाट्याने चाललंय.

नंतर भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेले तेव्हा एका दुकानदाराने सांगितलं की 8 बाय 4 फुटांची, 18 मिलिमीटरची चांगली मरीन शीट साधारण 30 ते 35 किलो भरते. दोन माणसांनी उचलायची वस्तू. आमच्याकडची एक उरलेली शीट मी एकटीने बाल्कनीत नेली होती! त्या शीटची जाडी मोजली तर 16 मिलिमीटरही भरली नाही. बसमध्ये हलकं लाकूड वापरण्यात गैर काही नाही, पुष्कळ जण मुद्दाम वापरतात. पण त्याचे पैसे हलक्याचे द्यावेत.

गळती कुठून झाली तेही सांगते. छतावर हवेसाठी भोक पाडून पंखा बसवला होता. त्याची कड बंद करायला पॉलियुरेथेनचं सीलंट ठरलं होतं, जे गाडीच्या हादऱ्यांबरोबर ताणलं जातं. लावलं होतं काचेच्या दुकानात मिळतं ते साधं सिलिकॉन. ते लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, मला त्या रविवारी आलाही होता. तो वास ॲसिटिक आम्लाचा असतो आणि ते आम्ल उघड्या पत्र्याला गंज धरवतं. "वास येतोय म्हणजे ताजा माल आहे," बॉडीवाला म्हणाला होता. ताम्हिणी घाट उतरताना पहिला जोराचा पाऊस लागला आणि पलंगावर धार लागली.

मग मामा आला. मामा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत अठ्ठावीस वर्षं होता, निवृत्त होऊनही दहा वर्षं झाली. त्याने पिशवीतून तीनच वस्तू काढल्या: एक हलकी हातोडी, एक जाड पेचकस आणि जुन्या स्पीकरमधलं गोल चुंबक. आत पाऊलही न टाकता पोतं अंथरून बसखाली शिरला. खालून ठण, ठण, ठण आणि मग एकदम बद्द. पुन्हा बद्द. "पोरी, पेचकस दे." पेचकस फ्लोअरखालच्या आडव्या लोखंडी चॅनेलमध्ये इंचभर आत गेला. तळाला गंज धरू नये म्हणून मारायच्या ज्या काळ्या कुळकुळीत अंडरकोटिंगचे आम्ही वेगळे 18 हजार मोजले होते, ते गंजावर मारलेलं होतं. घासणं नाही, रेड ऑक्साइड नाही, कुजकं कापून नवं वेल्डिंग तर नाहीच. गंजावर कोट मारला की ओल आत कोंडते आणि गंज आणखी जोमाने खातो.

चुंबक बाजूच्या पत्र्यावर फिरवलं तर मागच्या चाकांच्या वर तीन ठिकाणी घसरून खाली पडलं. तिथे पत्राच नव्हता, लांबी (पुट्टी) भरून रंग दिला होता. "आमच्या एसटीला ही युक्ती चालायची नाही, ॲल्युमिनियमला चुंबक लागतंच कुठं," मामा म्हणाला, आणि तेवढंच त्या दिवशी तो हसला. मग मला विचारलं, गाडी घेताना खाली कोण झोपलं होतं? कुणीच नाही. आम्ही सीटची कव्हरं बघितली होती.

एवढं झाल्यावर आम्ही एकेक करून सगळंच उघडायला घेतलं. भिंतीचं एक पॅनेल काढलं. आत काळा नायट्राइल रबर हवा होता, एसीच्या डक्टला गुंडाळतात तो, कारण तो उष्णता अडवतो आणि चांगल्या प्रतीचा असेल तर पेट घेत नाही. निघाला पॅकिंगचा फोम, टीव्हीच्या खोक्यात येतो तसला, एका बाजूला चांदी चिकटवलेला. बाहेर अंगणात नेऊन एका तुकड्याला लायटर लावला. भुर्रकन पेटला आणि जळते थेंब फरशीवर पडायला लागले. या चार भिंतींच्या आत आम्ही गॅसची शेगडी लावून पोहे केले होते.

वायरचं असंच. इन्व्हर्टरला जाणारी जाड केबल हाताला गरम लागायची. घरात 1000 वॅटला चार-साडेचार ॲम्पिअर करंट लागतो, 12 व्होल्टच्या बॅटरीवरून तेवढ्याच कामाला ऐंशीच्या वर. म्हणून बसमध्ये केबल जाड आणि अस्सल तांब्याची लागते. आमच्या केबलचं टोक ब्लेडने खरवडलं तर आत पांढरं. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या, विजेच्या सामानाच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने त्यातली एक बारीक तार लायटरवर धरून दाखवली, ती वितळून तिचा मणी झाला. तांब्याची नुसती लाल होते. त्याने त्याच्यावर काही भाष्य केलं नाही, फक्त विचारलं, "किती मीटर टाकलीय?"

सौर पॅनेल दोन, प्रत्येकावर '300 वॅट'चं स्टिकर. याला लायटरही नको, टेप पुरे. कडक उन्हात एक चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट ऊन पडतं आणि चांगलं पॅनेल त्यातलं 20-22 टक्केच विजेत बदलतं. आमचं पॅनेल 120 बाय 55 सेंटिमीटर, म्हणजे दोन तृतीयांश चौरस मीटरही नाही. त्यातून 300 वॅट निघायला सूर्य दोन लागतील. सातवीतलं गणित आहे, आणि माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली.

बॅटरीने मात्र मला खरोखर चकवलं. तोवर मी शहाणी झाले होते, निदान तसं वाटत होतं. सगळं वजन करून घ्यायचं असं ठरवलं होतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची 12.8 व्होल्ट, 200 ॲम्पिअर-तासांची बॅटरी 20 किलोंच्या आसपास असायला हवी हे वाचलं होतं. भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली: 19 किलो 400 ग्रॅम. चला, निदान ही एक वस्तू तरी खरी, म्हणून मी नवऱ्याला फोनसुद्धा केला.

मामाला ते पटेना. "वजन दगडालाही असतं," म्हणाला. त्याने सांगितल्याप्रमाणे बॅटरी पूर्ण चार्ज केली आणि तिच्यावर एकूण 100 वॅटचे 12 व्होल्टचे दिवे लावून ठेवले. 12.8 गुणिले 200 म्हणजे 2560 वॅट-तास, तेव्हा दिवे सव्वीस नाही तर चोवीस तास तरी चालायला हवेत. सकाळी सातला लावले, संध्याकाळी साडेचारला गेले. साडेनऊ तास. म्हणजे बॅटरी 75 ॲम्पिअर-तासांची. ई-रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका मुलाकडे ती उघडली (हे घरी करू नका, लिथियमचा शॉर्ट झाला तर हात भाजण्यावर थांबत नाही). आत वेगवेगळ्या रंगांचे जुने गोल सेल, आणि दोन्ही बाजूंना नीट टेप गुंडाळलेल्या वाळूच्या पिशव्या. त्या मुलाला आश्चर्य वाटलं नाही. त्याने पिशव्या काट्यावर ठेवल्या, आठ किलो भरल्या. "काटा घेऊन येणारी गिऱ्हाइकं वाढलीत ना हल्ली," म्हणाला.

मला फसवल्याचं जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं त्या वाळूचं वाटलं. प्लाय बदलणं, वायर बदलणं हे पैसे वाचवणं झालं. वाळू चाळून, पिशवीत भरून, वजन जुळवून टेप लावायला कुणीतरी बसलं असेल.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. "आरटीओचं माझ्याकडे लागलं" म्हणून बॉडीवाल्याने 45 हजार वेगळे घेतले होते. पावती नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीत लिहिलेलं आहे त्याच्याशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि घरासारख्या गाडीला, म्हणजे मोटर कॅराव्हॅनला, एआयएस-124 हे स्वतंत्र मानक आहे. आमच्या आरसीवर आजही शाळेची बस आणि तेवढ्याच सीट आहेत. अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला एवढं कारण पुरतं. शुल्क परिवहनच्या संकेतस्थळावर भरलं की पावती लगेच निघते, त्यामुळे 'आतून' पैसे द्यावे लागतात असं कुणी म्हणालं की तिथेच उठावं. शिवाय आरसीवर वित्तसंस्थेचा बोजा होता, तो उतरवायला फॉर्म 35 लागतो. तो मूळ मालकाकडून मिळवायला सात महिने गेले. तो बिचारा सरळ माणूस निघाला, म्हणून निभावलं.

पोलीस चौकीत सांगितलं की हा दिवाणी मामला आहे. 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी बॉडीवाल्याला कळवलं, त्याने उत्तर दिलं नाही. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, ती अजून शिल्लक होती. वकीलबाईंनी कागद चाळले आणि विचारलं, पैसे दिल्याचा पुरावा कितीचा? बँकेतून गेलेल्या 2 लाखांचा. बाकीच्या कच्च्या पावत्यांवर ना सही, ना दुकानाचं नाव, ना जीएसटी क्रमांक. "मग एक बरं आहे," त्या म्हणाल्या, "5 लाखांपर्यंत आयोगाचं शुल्क लागत नाही." कामाला आला तो एक व्हॉट्सॲप मेसेज, ज्यात त्याने स्वतः '710 मरीन 18 एमएम सर्व' असं लिहिलं होतं. तो जपून ठेवा म्हणाल्या, फोन विकू नका, बदलू नका. फुटलेल्या काचेचा तो फोन अजून माझ्या कपाटात आहे. तारखा पडताहेत.

बस मामाच्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये उभी आहे. आडवे चॅनेल तीन बदलले, चौथा बाकी आहे. आतलं सगळं उपसलंय, सध्या तिच्यात एक पोतं, मामाची हातोडी आणि मी घेतलेला मल्टिमीटर एवढंच सामान. मल्टिमीटर 600 रुपयांचा आहे. सगळ्या खर्चात मनापासून पटलेला खर्च तोच.

गेल्या महिन्यात एका तरुण जोडप्याचा फोन आला. त्यांनीही मिनीबस घेतली होती आणि बॉडीवाल्याने आपलं काम म्हणून आमच्या बसचे फोटो दाखवले होते. नंबरप्लेट झाकायची राहिली होती, त्यावरून शोधत शोधत ते आमच्यापर्यंत आले होते. नुसतं विचारायला, की काम कसं करतो. मी म्हटलं, या, प्रत्यक्षच बघा. रविवारी आले. मी त्यांना बसखाली नेलं, प्लायचा उकळलेला तुकडा हातात दिला, वाळूच्या पिशव्या दाखवल्या. मुलगी एकेक गोष्ट वहीत लिहून घेत होती. मुलगा गप्प होता.

"ॲडव्हान्स दिलाय का?" मी विचारलं.

"दीड लाख."

"बिल घेतलंत?"

त्याने तिच्याकडे बघितलं. "नाही, म्हणजे... ते 18 टक्के..."