विनाइल फ्लोअर आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या नृत्यगटासाठी गुंडाळून नेता येईल असं विनाइल फ्लोअर घेतलं. एका बाजूने काळं, दुसऱ्या बाजूने राखाडी, 1.5 मीटर रुंद, 10 मीटर लांब, 2 मिलिमीटर जाड असे चार पट्टे. एकेक पट्टा चाळीस किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे उचलायला दोघं हवीतच. नाचायला मात्र फारच छान. पाय घसरत नाही, अडकतही नाही. आठ महिन्यांत जे काही बिघडलं ते नाचून नाही, गुंडाळताना, गाडीत आणि ठेवणीत बिघडलं. म्हणून त्याबद्दलच लिहिते.

पुठ्ठ्याची एक नळी भिजून मऊ पडली, तेव्हा तो पट्टा आम्ही नळीशिवायच गुंडाळला आणि वर दुसरा रोल ठेवला. खालचा चपटा झाला. उलगडला तर हात-हातभर अंतरावर आडव्या वळ्या, अनवाणी पायाला लगेच जाणवणाऱ्या! उबदार खोलीत दोन दिवस पसरून ठेवल्यावर बहुतेक बसल्या, दोन अजून आहेत. आता जाड नळीशिवाय गुंडाळतच नाही आणि रोलवर रोल रचत नाही. नाचायची बाजू बाहेर ठेवते, म्हणजे अंथरल्यावर कडा वर न उचलता जमिनीकडे वळतात. आधी झाडू, मग ओला पोछा, मग पूर्ण वाळवणं, यात घाई नको. वाळूचा कण आत राहिला तर गाडीच्या हादऱ्यांनी थरांमध्ये घासत राहतो, आणि ओल राहिली तर कुबट वास धरतो.

थंडीत विनाइल कडक होतं. एकदा पहाटे गाडीतून उतरवून लगेच उलगडलं आणि कोपऱ्याला बोटभर चीर गेली. तेव्हापासून रोल आदल्या रात्रीच आत आणून ठेवतो.

उघड्यावरचा पहिला कार्यक्रम आठवला की अजून वाईट वाटतं. सकाळच्या गारव्यात चारही कडांना टेप मारून घट्ट बसवलं होतं. अकराच्या उन्हात काळी बाजू इतकी तापली की मधोमध फुगे आले. विनाइल उष्णतेने पसरतं, कडा अडकलेल्या असल्या की मधूनच वर येणार. टेप सोडवून, वर कापड ताणून सावली केली, तेव्हा हळूहळू बसलं. आता छताशिवाय अंथरत नाही, उजळ बाजू वर ठेवते आणि टेप शेवटी मारते. खाली प्लायवूड हवंच, नाहीतर प्रत्येक खडा वर उमटतो. संध्याकाळी दव पडतं ते दिसत नाही, म्हणून मुली उभ्या राहण्याआधी मी स्वतः तळहात फिरवून बघते.

टेप त्याच दिवशी काढा. चिकटा राहिलाच तर थिनर लावू नका, पृष्ठभाग मऊ पडतो. टेपचाच तुकडा दाबून उचलला की बराचसा निघतो.

आणि रबर! सरावाच्या खोलीत राखाडी बाजूवर रबरी मॅट तीन आठवडे राहिली आणि खाली पिवळट डाग उमटला. रबरातली रसायनं विनाइलमध्ये मुरतात, त्यामुळे कितीही पुसलं तरी तो निघाला नाही. तो पट्टा आता सगळ्यात मागे अंथरतो.