अनुदान की प्रशिक्षण? गावातल्या छोट्या गटांना हात देताना

वर्षाला लाख-सव्वालाख रुपये बाजूला काढून ते गावातल्या महिला मंडळांसाठी, स्वयंसाहाय्य गटांसाठी खर्चायचे असं ठरवलं, की पहिल्याच बैठकीत हा प्रश्न निघतो. पैसे थेट त्यांच्या हातात द्यावेत, की त्या पैशांत त्यांना प्रशिक्षण द्यावं? आम्ही पाच घरांनी मिळून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दोन्ही करून पाहिलं. आधी तीन वर्षं प्रशिक्षण, मग दोन वर्षं अनुदान.

प्रशिक्षणाची बाजू भक्कम आहे. ठराव कसा लिहावा, इतिवृत्त कशाला ठेवावं, बँकेतलं खातं एकीच्या सहीवर का चालवू नये, हे कुणी समोर बसून समजावल्याशिवाय कळत नाही. सोसायटी म्हणून नोंदणी झाली, तरी १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे कार्यकारिणीची यादी दरवर्षी सादर करावी लागते. आम्हाला भेटलेल्या दोन मंडळांना याची कल्पनाच नव्हती. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी हवा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ही नोंदणी लागते आणि त्याआधी आयकर खात्याच्या करसवलतीच्या नोंदण्या (१९६१च्या आयकर कायद्यातल्या १२एबी आणि ८०जी). ही वाट दाखवणारा कुणीतरी लागतोच. पहिल्या वर्षी माझं मत पूर्णपणे प्रशिक्षणाच्या बाजूने होतं.

ते फिरलं बसच्या वेळापत्रकामुळे.

प्रशिक्षण पणजीत असायचं, एका सभागृहात, दहा ते साडेपाच. सत्तरीतल्या वाड्यांवरच्या बायका उजाडायच्या आत घरून निघत आणि वाळपईला बस बदलून पणजी गाठत. संध्याकाळी वाड्यावर जाणारी शेवटची गाडी धरायची तर साडेतीनला उठणं भाग होतं. आणि ज्या हिशेबाच्या सत्रासाठी त्या एवढ्या लांब आल्या, ते चार वाजता. आम्ही दुसऱ्या वर्षी आयोजकांना विनंती केली की हे सत्र सकाळी घ्या. शिकवणारे दुपारनंतरच मोकळे असतात, असं उत्तर मिळालं. तिसऱ्या वर्षीही चारच. एका गटाच्या खजिनदार बाई पिशवी उचलताना मला म्हणाल्या, "भाऊ, दर वेळी जेवून परत जातो आम्ही. हिशेब राहतोच." मला फार लाजल्यासारखं झालं. पैसे आमचे होते, आणि आम्ही त्यांना दिवसभराचा प्रवास तेवढा दिला होता.

पणजीला जवळ असलेल्या फोंड्याच्या किंवा तिसवाडीच्या गटांना ही अडचण कदाचित जाणवणारही नाही. आमच्यासाठी मात्र निर्णय तिथेच झाला.

चौथ्या वर्षी त्याच गटाला १८,००० रुपये दिले, भिरंडाची (कोकमाची) सोलं सुकवायच्या चौकटी आणि वर घालायच्या प्लास्टिकसाठी. सोलं रसात बुडवून पुन्हापुन्हा उन्हात घालावी लागतात, आणि मेच्या अखेरीस एखादी सर आली की बुरशी धरते. चूक आमचीही झाली. सहा पानांचा इंग्रजी अर्ज भरून घेण्यात आम्ही इतका वेळ घालवला की पैसे पोचले मेच्या मध्यावर, आणि अर्धा हंगाम हातचा गेला. बिलांचाही त्रास झाला. बाजारातून आणलेल्या बांबू-सुतळीचं पक्कं बिल कोण देणार? शेवटी दोघींच्या सह्यांची वही आम्ही मान्य केली. दुसऱ्या एका मंडळाने शिलाई मशीनसाठी दिलेल्या पैशांतून खुर्च्या घेतल्या, ते मला अजून खटकतं. अनुदानात हा धोका आहे, तो लपवत नाही.

पण सोलांचे पैसे हातात आल्यावर खजिनदार बाईंचा स्वतःहून फोन आला. चतुर्थी झाली की हिशेब शिकवायला कुणाला तरी पाठवा, म्हणाल्या. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तीन रविवार वाड्यावर गेले. देवळाच्या मंडपात बसून, त्यांच्याच वहीवर, त्यांच्याच अठरा हजारांचा हिशेब त्यांनी लावून दाखवला. सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने गटांना दिलेल्या पंचसूत्रीतली नियमित बैठक, बचत, आपसांतलं कर्ज आणि परतफेड ही चार सूत्रं हा गट आधीपासून पाळत होता. अडलं होतं ते पाचव्यावर, लिहून ठेवलेल्या हिशेबावर. तीन वर्षांत पणजीत जे जमलं नाही ते तीन रविवारांत जमलं.

कोणताही मार्ग घ्या, एक गोष्ट जपा. गोव्यात ती हमखास आडवी येते. परदेशात नोकरीला असलेल्या, पण भारतीय नागरिक असलेल्या नातेवाइकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्याचे मात्र ठरतात, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी. ते पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेला घेता येत नाहीत, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही ते पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. आमच्या पाच घरांपैकी एकाला यामुळे बाहेर राहावं लागलं.

तुमचे गट शहराजवळचे असतील, हाताशी थोडा पैसा असेल आणि फक्त नोंदणीत अडकले असतील, तर प्रशिक्षणापासून सुरुवात करा, माझी हरकत नाही. आम्ही यंदाच्या १,२०,००० पैकी ९०,००० अनुदानाला ठेवलेत आणि ३०,००० वाड्यावर जाऊन शिकवणाऱ्यांच्या मानधनाला व जाण्यायेण्याला. अर्ज एका पानाचा, मराठीत. पैसे शिगम्याआधी.