रिंग पेसरी की गेलहॉर्न? संबंध ठेवायचे असतील तर
अंग बाहेर येतं, ऑपरेशन इतक्यात नको, म्हणून पेसरी, म्हणजे योनीत बसवून उतरलेल्या अंगाला आधार देणारं साधन, बसवायची ठरली आहे. पण कोणती, या प्रश्नावर ज्या अडल्या आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी आधी आठ महिने गेलहॉर्न, म्हणजे बशीला दांडा असलेली पेसरी, वापरली. त्यानंतर रिंग घेतली, ती आजही वापरते.

गेलहॉर्नला मी नावं ठेवणार नाही. बसवली त्या दिवसापासून ओटीपोटातली ओढ थांबली, लघवी पूर्ण होऊ लागली. खोकला येवो की जिने चढावे लागोत, ती जागची हलली नाही. रिंग मात्र सुरुवातीला शौचाला जोर केला की खाली सरकायची. एक माप मोठं घेतल्यावर बसली. योनीचं तोंड बरंच सैल झालं असेल तर रिंग टिकत नाही आणि गेलहॉर्नच लागते, हेही खरं. एरवी आरामाच्या बाबतीत दोघींत फार फरक नसावा. 2007 साली 134 स्त्रियांना दोन्ही आलटून पालटून देऊन पाहिलं होतं, तेव्हाही दोन्ही सारख्याच उपयोगी ठरल्या.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. गेलहॉर्न आत असताना संबंध ठेवता येत नाहीत. हे मला आधी सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. काढायची म्हणजे दांडा धरून ओढायचा आणि त्याच वेळी बशीच्या कडेमागे बोट घालून तिची पकड सोडवायची. मला ते एकदाही जमलं नाही. मग दवाखान्यात जाऊन काढायची, आणि पुन्हा जाऊन बसवायची. जवळ यायचं तर आधी डॉक्टरांची वेळ घ्यायची! हळूहळू आम्ही विषयच टाळू लागलो. नवऱ्याला वाटायचं, मला दुखतं. मला वाटायचं, त्यालाच आता नको आहे. पाळी गेल्यावर नव्हे, अंग उतरल्यावर नव्हे, त्या आठ महिन्यांत मला पहिल्यांदा म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

रिंग आत ठेवूनही संबंध ठेवता येतात. काहींना ती जाणवते, आम्हालाही जाणवली, म्हणून मी काढून ठेवते. एक पाय उंचावर ठेवायचा, कडेत बोट अडकवायचं, ओढायचं. साबणपाण्याने धुऊन सकाळी पुन्हा आत. आडवं झाल्यावर माझं अंग बरंचसं आपोआप वर जातं, त्यामुळे तेवढा वेळ अडचण येत नाही. तुमचं वेगळं असू शकेल.

कोरडेपणा मात्र दोन्हींपैकी कुठलीच घालवत नाही. मला योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने काही आठवड्यांत फरक पडला. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आत शिरतानाच दुखत असेल तर स्वतःच्या मनाने केगल, म्हणजे योनीभोवतीचे स्नायू आवळण्याचे व्यायाम, वाढवू नका. स्नायू आखडलेले असले तर त्याने दुखणं वाढतं; तिथे सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट हवी. संबंधांच्या वेळी लघवी गळत असेल तर आधी जाऊन यावं, एवढ्यानेही बराच धीर येतो.

पेसरी स्वतः हाताळली तर त्रास वाढेल, ही भीती मलाही होती. ब्रिटनमध्ये 340 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत उलट, स्वतः हाताळणाऱ्यांना गुंतागुंत कमी झाली. तरीही तपासणीच्या तारखा चुकवू नका; रक्त किंवा घाण वास दिसला तर तारखेची वाट पाहू नका.

माझ्या मते आधी रिंग मागून बघा. आणि बसवली की लगेच घरी निघू नका. तिथेच, डॉक्टरांसमोर, स्वतःच्या हाताने एकदा काढून पुन्हा घालून दाखवा.