दहाव्याचं पॅकेज: सामान चोख, कावळ्याला मात्र घाई

गुरुजी, सामान, घाटावरची जागा, परदेशातल्या मुलासाठी व्हिडिओ कॉल. दहाव्याचं सगळं एका फोनवर जुळवून देणारी पॅकेजेस पुण्या-नाशकात आता सहज मिळतात. सामानाला फारशी नावं ठेवता येत नाहीत. काळे तीळ, माका, तुळस, पांढरी फुलं, पत्रावळी, मध, तूप, सगळं मोजून बांधलेलं असतं. दर्भ तेवढा उघडून बघा. बरेचदा वाळून काडी झालेला असतो आणि पवित्रक, म्हणजे बोटात घालायची दर्भाची अंगठी, वळताना मोडतो. दहा मिनिटं पाण्यात घातला की वळतो.

दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे काही संचांत येणारा गुळगुळीत 'अश्मा'. अश्मा म्हणजे स्मशानात मडकं फोडलेला तोच दगड. विद्युतदाहिनीच्या गडबडीत तो हरवला असेल तर गुरुजींना आधी सांगावं, ते मार्ग काढतात. पिशवीतला दगड गुपचूप पुढे करू नये. दुसरी म्हणजे पिंडाचा भात. बासमती मोकळा राहतो नि पिंड ढासळतो. आंबेमोहोर घ्या, मीठ नको, पाणी नेहमीपेक्षा अर्धी वाटी जास्त. पिंड कवठाएवढा.

पण खरी मेख वेळेत आहे. पाऊण तासाच्या जागेत विधीच चाळीस मिनिटं खातो. कावळ्याच्या वाट्याला उरतात पाच, आणि लगेच खऱ्याऐवजी पिंडाला शिववायचा दर्भाचा कावळा बाहेर येतो. वास्तविक यजमान ज्यासाठी आलेले असतात ती हीच घटका. पिंडाशेजारी कुणी जिलबी ठेवतं, कुणी चहाचा कप, कुणी पेटवलेली विडी. मग एकेक जण हात जोडून बोलतो: "आईला अंतर देणार नाही", "धाकटीचं लग्न आम्ही करू". सगळ्यात महत्त्वाचं ज्याला बोलायचं असतं तो शेवटी बोलतो. पाच मिनिटांत त्याची पाळीच येत नाही.

कावळा शिवला नाही की घरचे इच्छा कोणती राहिली ते शोधत बसतात. कारण बहुधा घाटावरच असतं. दहा-अकरानंतर आधीच्या पिंडांवर कावळ्यांची पोटं भरलेली असतात, म्हणून सकाळी सातची वेळ मागा. पत्र्याच्या शेडखाली तो बिचकतो. त्याला बसायला कठडा आणि उडायला मोकळं आभाळ हवं. चकचकीत फॉइलची ताटली, फडफडणारं प्लास्टिक, उघडी छत्री काढून टाका. सगळ्यांनी वीस पावलं मागे. उंच धरलेल्या मोबाईलनेही तो उडतो, तेव्हा व्हिडिओ कॉलचा स्टँड पिंड मांडण्याआधीच खांबाला टेकवून ठेवा. आपल्याकडे सात वाजता न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ असतात, म्हणजे मुलगाही जागा असतो.

काळाभोर, जाड चोचीचा डोमकावळा आला तर 'हा नव्हे' अशी कुजबुज होते. तोही कावळाच. दर्भाचा कावळाही परंपरेला मान्य आहे, त्यात कमीपणा नाही. फक्त तो अर्ध्या तासानंतर यावा.

बुकिंग करताना जेवणाच्या मेनूआधी एवढं विचारा: कावळ्यासाठी किती वेळ थांबणार? "पुढची पार्टी आठला आहे" असं उत्तर आलं, तर दुसरीकडे फोन लावा.