गोराईचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा: एका दिवसाच्या भेटीचा अभिप्राय

बोरिवली स्थानकाच्या पश्चिमेकडून गोराई खाडीपर्यंत रिक्षा आणि पुढे बोट, हा या पॅगोडाला जाण्याचा सोयीचा मार्ग. भाईंदर-उत्तनकडून रस्त्यानेही येता येते. तरीही मी बोटच सुचवीन, कारण खारफुटीच्या मागून सोनेरी कळस हळूहळू वर येताना पाहिल्याशिवाय या वास्तूच्या आकाराचा अंदाज येत नाही.

फेब्रुवारी २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालेला हा पॅगोडा ब्रह्मदेशातील (म्यानमार) यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाच्या धर्तीवर बांधला आहे. मुंबईत हे ब्रह्मी रूप कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. या पॅगोडामागची प्रेरणा असलेले, तिथल्याच मंडाले येथे जन्मलेले सत्यनारायण गोएंका विपश्यना ही बौद्ध ध्यानपद्धती शिकले ते ब्रह्मदेशात, आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे, आणि १९६९ पासून त्यांनी ती भारतात शिकवली. त्या देशाचे ऋण मान्य करणारी ही वास्तू आहे.

खरे आश्चर्य मात्र सोनेरी रंगात नसून आतल्या घुमटात आहे. जोधपूरचे दगड एकमेकांत गुंतवून रचलेल्या, सुमारे ८५ मीटर व्यासाच्या या घुमटाला मध्ये एकही खांब नाही आणि त्याखाली आठ हजार साधक एका वेळी ध्यानाला बसू शकतात. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्या माणसाने त्याच्या जवळजवळ दुप्पट रुंदीची कल्पना करावी. परंतु या सभागृहात प्रवेश मिळतो तो दहा दिवसांचे विपश्यना शिबिर पूर्ण केलेल्यांनाच. इतरांनी काचेतून पाहायचे. काचेला कपाळ टेकवून, दोन्ही हातांनी उजेड अडवून मी आत पाहिले, तेव्हा त्या अफाट जमिनीवर जेमतेम सात-आठ माणसे बसलेली होती आणि त्यांच्यामुळे ती जागा अधिकच रिकामी भासत होती. माझ्या शेजारचे गृहस्थ ‘एवढ्या लांब येऊन आत सोडत नाहीत’ म्हणून कुरकुरत होते. मला हा नियम योग्य वाटला. छायाचित्रे काढणाऱ्यांची वर्दळ आत गेली, तर पाहण्यासारखे तिथे काही उरणार नाही. घुमटात बुद्धांच्या अस्थिधातू जतन केलेल्या आहेत, हेही विसरून चालणार नाही.

बुद्धांच्या जीवनावरील चित्रदालनाला निदान एक तास द्यावा. पाहुण्यांसाठी आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याच्या साधनेचे छोटे सत्रही असते, ते चुकवू नये. आपल्याकडच्या विहारांतील सामूहिक वंदनेची सवय असलेल्यांना इथले मौन सुरुवातीला परके वाटेल. तरी पांढऱ्या साडीतील एक आजी नातवाकडून ‘बुद्धं सरणं गच्छामि’ हळू आवाजात म्हणून घेत होत्या, आणि तो मात्र दर ओळीनंतर वर कळसाकडे पाहत होता.

चपला काढून चालावे लागते आणि भर दुपारी उघड्यावरचा दगड चांगलाच तापतो. मी बाराच्या सुमारास प्रदक्षिणा सुरू करण्याचा मूर्खपणा केला आणि अर्धी वाट सावलीच्या पट्ट्यांवरून उड्या मारत पूर्ण केली. सकाळी लवकर पोहोचावे, पाणी जवळ ठेवावे आणि परतीच्या बोटीची वेळ उतरतानाच धक्क्यावर विचारून घ्यावी.