एकच तुकडा तडीस न्यावा की चार फिरवावेत? अर्धवट क्रॉस स्टिच पुढे सरकवायच्या पद्धतींची तुलना

कपाटातल्या पिशवीत दोन-तीन अर्धवट क्रॉस स्टिच पडून असतील आणि तरीही चौथ्या किटवर डोळा असेल, तर हा आढावा तुमच्यासाठी आहे. फुलीचा टाका तुम्हाला येतो असं धरून चालू. ठरवायचं ते दोन गोष्टींबद्दल. एकाच तुकड्याला चिकटून बसायचं की आलटूनपालटून सगळ्यांना हात लावायचा, हे एक. आणि तुकडा हातात घेतल्यावर रंगारंगाने जायचं की चौकटी-चौकटीने, हे दुसरं. दोन्हीकडचे लोक आपलीच पद्धत खरी असं ठामपणे सांगतात. मला विचाराल तर सगळं अडतं ते तुम्हाला एका बैठकीला किती वेळ मिळतो यावर. स्वयंपाक आणि शाळेची बस यांच्यामध्ये वीस मिनिटं मिळणाऱ्या माणसाने रविवारची अख्खी दुपार मोकळी असणाऱ्याची पद्धत उचलली, तर काम हमखास रखडतं.

आधी फुल्या मोजा

नमुन्याच्या पहिल्या पानावर आकार फुल्यांमध्ये दिलेला असतो, समजा ७० बाय ९८. गुणाकार केला की ६,८६०. १४ काउंटच्या आयडा कापडावर, म्हणजे इंचाला १४ फुल्या या हिशेबाने, हा तुकडा ५ बाय ७ इंचांचा होतो. चित्रामागची पार्श्वभूमी कोरी सोडायची असेल तर प्रत्यक्षातल्या फुल्या त्याहून बऱ्याच कमी भरतात. उलट सगळं कापड भरून काढायचा २५० बाय ३५० चा नमुना घेतलात, तर ८७,५०० फुल्या.

आता स्वतःचा वेग काढा. घड्याळ लावून शंभर फुल्या घाला आणि त्यात दोरा ओवणं, नमुन्यात जागा शोधणं, मध्येच दार उघडायला उठणं हे सगळं धरा. तासाला शंभरच्या आगेमागे वेग असणारे पुष्कळ सापडतील. सलग एकच रंग असेल तर तो बराच वाढतो. आठवड्याला पाच तास, म्हणजे पाचशे फुल्या धरल्या, तर लहान तुकडा चौदा आठवड्यांत हातावेगळा होतो. मोठ्याला १७५ आठवडे लागतात, म्हणजे तीन वर्षांहून जास्त. 'माझा हातच चालत नाही' अशी तक्रार करणाऱ्यांचा हात बहुधा ठीक चालत असतो. त्यांनी निवडलेला नमुना अवाढव्य असतो, इतकंच.

एकच धरायचा की फिरवायचे

फिरवण्याबद्दल एक गैरसमज असा, की चार कामं चालू ठेवली की चारही लवकर होतात. हिशेब मांडून बघा. सात-सात हजार फुल्यांचे चार तुकडे आहेत आणि आठवड्याला पाचशे फुल्या होतात. एकामागून एक केलेत तर पहिला चौदाव्या आठवड्यात, दुसरा अठ्ठाविसाव्या, तिसरा बेचाळिसाव्या आणि चौथा छप्पन्नाव्या आठवड्यात संपतो. सारखे फिरवलेत तर चारही संपतात छप्पन्नाव्या आठवड्याच्या आसपास. एकूण मेहनत तेवढीच, पण वर्षभर भिंतीवर टांगायला हातात काही नाही.

म्हणून रुखवतात मांडायचं असेल, बारशाला द्यायचं असेल, तारीख ठरलेलं कुठलंही काम असेल, तर एकच धरा. यात दुसरं मत नको.

मग फिरवण्याच्या बाजूने काय उरतं? कंटाळा. आकाशाचा एकच निळा रंग तीन हजार फुल्या चालला की माणूस रिंगला, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या गोल कड्याला, हात लावायचं टाळतो, आणि आठवड्याचे पाच तास बघता बघता दोनावर येतात. पाचाचे दोन झाले की चौदा आठवड्यांचं काम पस्तिसावर जातं. दुसरा तुकडा हाताशी असल्यामुळे तुमचे पाच तास टिकत असतील, तर फिरवणं फायद्याचं. पाच तास तसेही टिकतात अशी तुमची प्रकृती असेल, तर फिरवून मिळतं फक्त वैविध्य. तेही काही वाईट नाही, छंदच आहे. पण त्याला प्रगती म्हणू नये.

फिरवायचं ठरलं तर कसं, यातही फरक आहेत. सोमवारी हा, मंगळवारी तो अशी वारांची वाटणी कागदावर छान दिसते, पण एखादा मंगळवार पाहुण्यांत गेला की तो तुकडा पंधरा दिवस तसाच राहतो. तासांची वाटणी, म्हणजे दहा तास झाले की बदल, ही त्याहून बरी. मला सर्वांत पटते ती टप्प्याची: नमुन्याचं एक पान, एक फूल, किंवा पाचशे फुल्या संपल्याशिवाय बदलायचं नाही. यात तुकडा खाली ठेवताना काहीतरी पुरं झालेलं दिसतं आणि पुढच्या वेळी सुरुवात कुठून हे शोधावं लागत नाही.

बैठकीचा मुद्दा इथेच येतो. तुकडा बदलायचा म्हणजे पिशवी काढणं, रिंग लावणं, रंगांचे नंबर जुळवणं, नमुन्यात जागा शोधणं. यात पाच-सात मिनिटं सहज जातात. दीड तासाच्या बैठकीत ती कुठे गेली ते कळतही नाही. वीस मिनिटांच्या बैठकीत तिसरा हिस्सा तिथेच संपतो.

शिवाय फिरवणाऱ्याला निगा जास्त राखावी लागते. कापड महिनोन्‌महिने रिंगमध्ये अडकून राहिलं तर गोल घडी पडते आणि त्या घडीत मळ बसतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात कापडाला टोचून ठेवलेली सुई गंजते आणि गंजाचा डाग धुतल्याने जात नाही. तुकडा बाजूला ठेवताना सुई काढायची, रिंग सोडायची आणि जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवायचा. चार तुकडे म्हणजे हे सगळं चार वेळा.

मधला मार्ग म्हणून दोनच तुकडे ठेवणं मला योग्य वाटतं: एक मोठा, घरात एकाच जागी मांडून ठेवलेला; दुसरा पाच-सहा रंगांचा, लहान रिंगसकट पर्समध्ये मावणारा. दोघांच्या वेळा मुळातच वेगळ्या असल्यामुळे एक दुसऱ्याचा वेळ खात नाही.

रंगारंगाने की चौकटी-चौकटीने

रंगारंगाने जायचं म्हणजे लाल हातात घेतला की त्या भागातला जमेल तेवढा लाल संपवायचा, मग हिरवा. सुई सारखी ओवावी लागत नाही, लय लागते. याच्या जोडीला अर्ध्या फुल्यांची ओळ एका दिशेने घालत जाऊन परत येताना ती पुरी करायची पद्धत वापरली, तर वेग आणखी वाढतो. आठ-दहा रंगांचा गणपती, वारली आकृत्या, तोरणाची वेलबुट्टी, असं सपाट रंगांचं काही असेल तर हीच पद्धत घ्या.

धोका मोजणीचा. लाल फुलावरून वीस घरं ओलांडून दुसऱ्या लाल फुलावर उडी मारलीत आणि एक घर चुकलं, तर ते कळतं तीन आठवड्यांनी, मधली पानं भरायला घेतल्यावर. दुसरा त्रास कापडामागून ओढलेल्या दोऱ्याचा: पांढऱ्या आयडावर गडद दोरा दोन-तीन घरांपेक्षा लांब ओढला तर पुढून सावलीसारखा दिसतो.

चौकटीने जायचं म्हणजे दहा बाय दहाची एक चौकट, शंभर फुल्या, सगळ्या रंगांनिशी पुरी करून पुढच्या चौकटीत शिरायचं. चूक झालीच तर ती त्या चौकटीत राहते. फोटोवरून बनवलेल्या नमुन्यांत एकेका घराला वेगळा रंग असतो, तिथे याला पर्याय नाही. पण शंभर फुल्यांत पंधरा रंग असतील तर प्रत्येक चौकटीत पंधरा वेळा दोरा सुरू करा, संपवा, कापा. त्यावरचा उपाय म्हणजे पार्किंग.

पार्किंग असं चालतं: चौकटीतल्या करड्या रंगाच्या फुल्या झाल्या की दोरा कापायचा नाही. नमुन्यात पुढच्या चौकटीत करडा जिथे पहिल्यांदा येतो, त्या घराच्या कोपऱ्यातून सुई वर काढायची आणि दोरा पुढच्या बाजूला लोंबता सोडायचा. मग दुसरा रंग. एकेक करून सगळे असे लोंबायला लागतात आणि पुढच्या चौकटीत पोचता तेव्हा ज्या घरात जो दोरा उभा आहे तो त्याच घराचा असतो. मोजायचं काम जवळजवळ संपतं. यात प्रत्येक फुली तिथल्या तिथे पुरी करायची असते, अर्ध्या फुल्यांची ओळ चालत नाही. दिसायला भयंकर दिसतं, आणि घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर याचा विचारसुद्धा करू नका. गुंतलेले दोरे सोडवून बसायलाच दहा मिनिटं लागतात, त्यामुळे ही पद्धत लांब बैठकीची. कोणतीही पद्धत घेतलीत तरी सगळ्या फुल्यांचा वरचा पाय, म्हणजे वर येणारा तिरका टाका, एकाच दिशेला हवा. चुकलेला एक पाय लांबूनही खटकतो.

कापडावर आधीच दहा-दहा घरांच्या रेघा आखून घेतल्या तर रंगारंगाने जाण्यातला मोजणीचा धोका बराच कमी होतो. एखाद्या संध्याकाळचं काम आहे, पण उसवण्यात जाणारे तास वाचतात. पाण्याने जाणारं पेन घेतलंत तर धुण्याआधी इस्त्री फिरवू नका, उष्णतेने रेघ पक्की होऊ शकते. इस्त्रीने पुसली जाणारी शाई कडाक्याच्या थंडीत परत उमटू शकते; पुण्यात बसून याची काळजी नाही, पण तुकडा कॅनडातल्या भाचीला पाठवणार असाल तर बारीक रंगीत दोऱ्यानेच रेघा घाला आणि शेवटी ओढून काढा.

कापड, दोरा आणि नमुना

१४ की १८ काउंट, यात फुल्यांची संख्या बदलत नाही, आकार बदलतो. २०० फुल्यांची रुंदी १४ वर सव्वाचौदा इंच, १८ वर अकरा इंच. मात्र १८ वर रात्रीच्या दिव्यात छिद्रं दिसत नाहीत आणि हात मंदावतो. संध्याकाळीच बसणार असाल तर १४. दुकानात मीटरवर मिळणारं मॅटी कापड स्वस्त पडतं, पण घेण्याआधी उभी आणि आडवी दोन इंचांतली घरं मोजा. ती सारखी नसतील तर नमुन्यातला गोल चंद्र लांबट होतो.

दोऱ्यात आपल्याकडच्या दुकानांत अँकर सहज मिळतो, परदेशी नमुने मात्र बहुधा डीएमसीचे नंबर देतात. दोन्हींचे नंबर वेगळे आणि जुळणीचे तक्ते अंदाजाचे असतात, तेव्हा एका तुकड्यात एकच कंपनी ठेवा. दोन्हींची लडी आठ मीटरची, सहापदरी. १४ काउंटवर दोन पदरांनी एका लडीत साधारण दीड हजार फुल्या होतात असं धरा. पाच हजार फुल्यांच्या पार्श्वभूमीला चार लड्या एकदमच घ्या, कारण नंतर घेतलेली लडी वेगळ्या वेळी रंगवलेल्या घाण्यातली निघाली तर छटा किंचित फरकते. एकाच तुकड्यावर काम करणाऱ्याला हे सोपं जातं. फिरवणारे दोन तुकड्यांत एकाच लडीवर हात मारतात आणि ऐन वेळी दोरा संपतो.

दोरा सुरू करताना गाठ मारू नका. धारवाडकडच्या कसुती भरतकामातही गाठ चालत नाही, मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ लागते. दोन पदरांचं काम असेल तर एकच लांब पदर घेऊन मधोमध दुमडा, दोन्ही टोकं सुईत ओवा, पहिला टाका घेताना मागे राहिलेल्या फासातून सुई काढा आणि ओढा. दोरा तिथेच अडकतो.

नमुना कागदावर ठेवायचा की मोबाइलवर, याचं उत्तर तुकड्याच्या आकारात आहे. लहान तुकड्याला झेरॉक्स आणि हायलायटर पुरे. पन्नास रंगांच्या, पंचवीस पानांच्या नमुन्याला पॅटर्न कीपरसारखं अॅप खरोखर वेळ वाचवतं. एका रंगाची सगळी घरं उजळून दिसतात, झालेली खोडता येतात आणि किती टक्के झालं तेही दिसतं. तुकडे फिरवणाऱ्याला तर हे फारच उपयोगी, कारण महिन्याने परत आल्यावर जागा शोधावी लागत नाही. फक्त फोन विमानात असतो तसा ठेवा, नाहीतर एक फुली आणि दोन मेसेज असा हिशेब होतो.

आणि सोडून देणं

ही तिसरी वाट तुलनेत कोणी धरत नाही, पण धरायला हवी. जो तुकडा काढला की पोटात गोळा येतो, जो नमुना आता आवडतच नाही, ज्याच्या ऐंशी हजार फुल्यांपैकी चार हजार झाल्यात, तो पिशवीत ठेवून दर वेळी मन खात बसण्यात अर्थ नाही. न वापरलेल्या लड्या नंबरासकट डब्यात टाका. कोऱ्या भागातून कापड कापून घ्या. ६ बाय ८ इंचांचा तुकडा निघाला तरी छोट्या तोरणाचं एक पान त्यावर बसतं. छापील नमुना भरतकाम करणाऱ्या एखाद्या वहिनीला किंवा मैत्रिणीला देऊन टाका. झालेल्या भागात एखादं फूल किंवा पक्षी पुरा असेल तर तेवढाच कापून, कडेला दोन इंच सोडून, लहान रिंगमध्येच फ्रेम करता येतो. बाकीचं अर्धवट होतं हे बघणाऱ्याला कळत नाही.