ताईच्या मायग्रेनसाठी रोजची गोळी: टोपिरामेट की अमिट्रिप्टिलिन?

घरात कुणाला महिन्यातले अर्धे दिवस डोकं धरून अंधाऱ्या खोलीत पडलेलं बघत असाल आणि डॉक्टरांनी "आता रोजची गोळी सुरू करूया, या दोनपैकी एक" असं सांगून विचार करायला वेळ दिला असेल, तर तुमच्यासाठी हे लिहितोय. माझ्या मोठ्या बहिणीचं आम्ही दोन्ही करून पाहिलंय. मी डॉक्टर नाही, पण दीड वर्ष तिची डोकेदुखीची वही मीच लिहिली.

मायग्रेन म्हणजे काय, उजेड आवाज का सहन होत नाही वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो. फक्त एक गोष्ट आधी तपासा, कारण ती तपासली नाही तर दोन्हीतली कुठलीच गोळी धड काम करत नाही. महिन्यात पेनकिलर किती दिवस घेतली जाते ते मोजा. साधी पेनकिलर 15 किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेन उठल्यावर ते थांबवायला घ्यायची खास गोळी) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं काही महिने चाललं की ती गोळीच डोकं दुखवायला लागते. ताई म्हणायची, "कधीतरीच घेते रे." मी पर्स, उशीखालचा डबा आणि शाळेतला ड्रॉवर असं सगळीकडच्या रिकाम्या स्ट्रिप्स गोळा केल्या तर महिन्याला 22 दिवस निघाले, आणि हे बघून तिलाच रडू आलं. ती खोटं बोलत नव्हती, दुखतंय तेव्हा कोण हिशोब ठेवतं? डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती पेनकिलर बंद केली, पहिले तीन आठवडे फार वाईट गेले, पण ते झाल्याशिवाय पुढचं काही कळलंच नसतं.

आता मुद्द्यावर. दोनच पर्याय का उरले तर ताईला लहानपणापासून दमा आहे, त्यामुळे प्रोप्रानोलॉल, म्हणजे मायग्रेन रोखायला रोज देतात ती ब्लडप्रेशरची गोळी, पहिल्याच भेटीत बाद झालं (दमा असलेल्याला ते चालत नाही, तुमच्या घरी कुणाला असेल तर न विचारता सांगून टाका). फ्लुनारिझिन या अशाच दुसऱ्या रोजच्या गोळीबद्दल डॉक्टर स्वतःच नाखूश होते कारण मधे एकदा ताईला डिप्रेशन येऊन गेलं होतं. मग राहिल्या या दोन.

आधी टोपिरामेट घेतलं, आणि खरं सांगायचं तर कागदावर तेच जास्त चांगलं दिसत होतं. मुळात फिटचं औषध, पण मायग्रेन रोखण्यासाठी अमेरिकेत 2004 पासून मान्यता आहे, त्यावर अभ्यास भरपूर झालेत आणि वजन वाढत नाही, उलट कमी होतं. 25 मिलिग्रॅमपासून सुरुवात, दर आठवड्याला 25 वाढवत 100 पर्यंत, सकाळी 50 रात्री 50. काम केलं का? केलं. सुरुवातीला वहीत महिन्याला 19 दिवस होते ते तिसऱ्या महिन्यात 9 वर आले, आणि जे 9 होते तेही आधीसारखे उलट्या होऊन दिवस वाया घालवणारे नव्हते. बोटांना मुंग्या यायच्या, सोडा प्यायली तर "पाणी झालंय याचं" म्हणायची. दोन्ही या औषधाचे ओळखीचे परिणाम आहेत, त्याने तिला फार त्रास झाला नाही. मुतखडा होऊ शकतो म्हणून पाणी भरपूर प्यायचं, तेवढं पाळलं.

आणि तरी ते सोडावं लागलं, कारण शब्द.

दुसऱ्या महिन्यात एकदा ताई दारात उभी राहून मला म्हणाली, "ते दे ना... ते रे... उघडायचं." मी म्हटलं काय? ती कुलपाकडे बोट दाखवतेय, हाताने फिरवून दाखवतेय, चेहरा लाल झालेला, आणि "किल्ली" हा शब्द तिला सापडत नाहीये. किल्ली काय असते ते तिला माहीत होतं, समोर टेबलावर ती दिसतही होती, फक्त नाव येत नव्हतं. दहा-पंधरा सेकंद असतील, पण ती तिथेच खुर्चीत बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. तेव्हा आम्ही थकवा असेल म्हणून सोडून दिलं. मग हे आठवड्यातून दोनदा, मग रोज व्हायला लागलं. ती आठवीला इतिहास शिकवते, सव्वीस वर्षं शिकवतेय, आणि एके दिवशी वर्गात दोन राजांमधे लढाईनंतर जो होतो तो "तह" हा शब्द तिला आठवला नाही. फळ्याकडे तोंड करून खडू हातात धरून उभी राहिली, शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच "बाई, तह?" असं विचारलं. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज असा होता की मला वाटलं हिचं डोकं पुन्हा ठणकायला लागलंय. ते दुखत नव्हतंच. ती घाबरली होती, आपलं डोकंच जातंय की काय म्हणून.

डॉक्टरांनी सांगितलं की हे या औषधाने होतं, अनेकांना होतं, डोस कमी केला की कमी होतं आणि बंद केल्यावर जातं. 75 वर आणून पाहिलं, थोडा फरक पडला, पण वर्गात उभं राहायची भीती काही गेली नाही आणि 50 वर आणलं तर डोकं परत उठायला लागलं. ज्याचं पोट बोलण्यावर आहे, म्हणजे शिक्षक, वकील, दिवसभर फोनवर असणारे, त्यांनी हे सुरू करण्याआधी ही गोष्ट घरच्यांनाही सांगून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. आम्हाला आधी कळलं असतं तर निदान ते दोन महिने ती स्मृतिभ्रंशाच्या भीतीत जगली नसती.

मग हळूहळू टोपिरामेट उतरवत (एकदम बंद करायचं नसतं) अमिट्रिप्टिलिन सुरू केलं.

इथे आधी घरात वादावादी झाली. हे जुनं डिप्रेशनचं औषध, 1961 पासूनचं, आणि पाकिटातल्या कागदावर तसं लिहिलेलं असतंच. ताई म्हणाली, "म्हणजे सगळं माझ्या मनाचंच आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?" तसं नाहीये हो. डिप्रेशनला 75 ते 150 मिलिग्रॅम देतात, हिला 10 पासून सुरू करून 25 वर आणून थांबवलं. इतक्या कमी डोसमधे ते दुखण्याच्या वाटेवर काम करतं, मनःस्थितीसाठी तो डोस पुरतही नाही. घरातल्या माणसाला हे शांतपणे समजावून सांगा, नाहीतर गोळी कपाटातच राहते.

पहिले दोन आठवडे सकाळी उठवत नव्हतं. डोळे उघडे, पण माणूस झोपेतच. दुसऱ्याच आठवड्यात ती हेही सोडायला निघाली होती. गोळी रात्री साडेदहाला घ्यायची ती डॉक्टरांना विचारून आठला घ्यायला लागली आणि सकाळचं जडपण बरंचसं गेलं, एवढ्याशा बदलाने. तोंड कोरडं पडतं, बाटली कायम जवळ लागते. पोट साफ होत नाही. वजन तीन किलो वाढलं आणि त्याबद्दल ती अजून कुरकुरते, तिचंही बरोबर आहे.

पण झोप! ताईची झोप कित्येक वर्षं तुटक होती, पहाटे तीनला जाग, आणि ज्या दिवशी तीनला जाग त्या दिवशी दुपारी डोकं, हे वहीत स्पष्ट दिसत होतं. ती जागच बंद झाली. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दिवस मोजले तर 8. म्हणजे आकड्यात बघाल तर दोन्ही औषधं सारखीच, एका दिवसाचा फरक म्हणजे काही फरक नाही. या दोघांची समोरासमोर तुलना झालीय मोठ्या माणसांत, त्यातही फायदा जवळपास सारखाच आला होता, वजन मात्र एकाने कमी आणि दुसऱ्याने जास्त. म्हणजे गोळी निवडताना कोण जास्त डोकेदुखी थांबवतं यापेक्षा कुठला त्रास तुमच्या माणसाला सोसवेल हेच बघावं लागतं, आणि ताईला तीन किलो सोसवतात, शब्द हरवणं सोसवत नाही.

तुमच्याकडे उलट असू शकतं, हे मान्यच आहे. वजन आधीच जास्त असेल, शुगर असेल, झोपेची काही तक्रार नसेल, काम बोलण्याचं नसेल तर टोपिरामेट नक्की विचारात घ्या, मी त्याला वाईट औषध म्हणणार नाही, त्याने 19 चे 9 केले होते. पण मुतखड्याचा इतिहास असेल तर नको, आणि मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या बाईला तर नकोच, गर्भाला धोका असतो. डोळा अचानक लाल होऊन दुखायला लागला, दिसायला धूसर झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अमिट्रिप्टिलिन हृदयाचा त्रास असलेल्याला, काचबिंदू असलेल्याला किंवा लघवी अडकणाऱ्या वयस्कर माणसाला विचारपूर्वकच देतात, आधीच डिप्रेशनची दुसरी गोळी चालू असेल तर तेही सांगा. आणि लहान मुलासाठी वाचत असाल तर हा सगळा हिशोब तसाच लावू नका, 2017 साली मुलांवर आणि किशोरवयीनांवर या दोन्ही औषधांची चाचणी झाली तेव्हा दोन्ही खोट्या गोळीपेक्षा (जिच्यात औषधच नसतं) सरस ठरली नव्हती.

बोटॉक्स (दर 12 आठवड्यांनी डोक्यात आणि मानेत 31 ठिकाणी सुया) आणि महिन्याची नवीन सीजीआरपीची (मायग्रेनमधे भाग घेणारं शरीरातलंच एक रसायन, ते अडवणारी) इंजेक्शनं हे पुढचं दार आहे. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

कुठलीही घ्या, योग्य डोसवर निदान आठ ते बारा आठवडे द्या. पहिल्या महिन्यात त्रास सगळे दिसतात आणि फायदा काहीच दिसत नाही, बरेच जण तिथेच सोडतात. रोज वहीत तीनच गोष्टी लिहा: दुखलं का, किती, पेनकिलर घेतली का. माणसाला विचाराल तर "काही फरक नाही" असंच सांगतो, ताईही सांगायची, वही उघडून दाखवली की गप्प व्हायची.

आता ताईला 25 वर दहा महिने झालेत, गेल्या महिन्यात 5 दिवस होते, आणि पुढच्या भेटीत डॉक्टर परत 10 वर आणून बघूया म्हणतायत. ती म्हणतेय, आधी परीक्षा संपू देत मुलांच्या.